वर्गणी भरून आगीत उतरणारे

चिलीत आग विझवायला धावणाऱ्या माणसाला पगार मिळत नाही. उलट दरमहा वर्गणी तोच भरतो. राजधानी सांतियागोतली काचेची उंच इमारत पेटो, दक्षिणेकडच्या खेड्यातलं लाकडी घर पेटो, नाहीतर पार ईस्टर बेटावरचं एखादं छप्पर पेटो. १३२ नंबर फिरवला की जे येतात, ते एरवी बँकेत, शाळेत, गॅरेजात किंवा कॉलेजात असतात. बंबाचा ड्रायव्हर तेवढा बऱ्याच ठिकाणी पगारी. बाकी सगळे बोम्बेरो, म्हणजे अग्निशामक, स्वयंसेवक. देशभरात त्यांची संख्या पन्नास हजारांच्या घरात आहे आणि तीनशेहून अधिक दलांत ते विखुरलेले आहेत. रानातल्या वणव्यांसाठी वनखात्याच्या पगारी तुकड्या असतात, पण वणवा वस्तीला भिडला की तिथे पुन्हा हेच लोक उभे.

स्वयंसेवी अग्निशमन दलं जगात इतरत्रही आहेत. जर्मनीत तर असे सुमारे दहा लाख लोक आहेत. पण जर्मनीतल्या मोठ्या शहरांना पगारी दल ठेवावंच लागतं. स्वयंसेवक प्रामुख्याने गावं आणि छोटी शहरं सांभाळतात. सत्तर लाख वस्तीच्या महानगराची आग बिनपगारी माणसांवर सोपवून सुखाने झोपणारा देश विरळा. हे कसं झालं, ते समजायचं तर सांतियागो सोडून समुद्राकाठी जावं लागतं. १८५० सालच्या वालपाराइसो बंदरात, आणि तिथे परभाषेत बोलणाऱ्या चार-पाच लहान समाजांत.

डोंगर आणि समुद्र यांच्यामध्ये उरलेल्या चिंचोळ्या पट्टीवर वालपाराइसो वसलंय. पट्टी भरली तशी वस्ती चाळीसहून अधिक टेकड्यांवर चढली. पनामा कालवा १९१४ साली उघडला. त्याआधी युरोपातून पॅसिफिककडे निघालेलं जहाज दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला वळसा घालून यायचं, आणि त्या जीवघेण्या समुद्रातून बाहेर पडल्यावर लागणारं पहिलं मोठं बंदर हे. त्यात १८४८-४९ मध्ये कॅलिफोर्नियात सोन्याची धांदल उडाली. सोनं खणायला गेलेल्या हजारोंना खायला पीठ हवं होतं, आणि ते चिलीच्या गव्हाचं पीठ वालपाराइसोच्या धक्क्यावरून जहाजात चढत होतं. इंग्रज, जर्मन, फ्रेंच, इटालियन आणि उत्तर अमेरिकी व्यापाऱ्यांनी इथे पेढ्या टाकल्या. प्रत्येकाचा समाज लहानसाच. कॅथलिक देशात प्रोटेस्टंट मेला तर त्याला सार्वजनिक दफनभूमीत जागा नव्हती, म्हणून त्यांनी टेकडीवर आपली वेगळी दफनभूमी केली. क्लब आपले, शाळा आपल्या, वर्तमानपत्रंही आपापल्या भाषेतली. सरकारने आपल्यासाठी काही करावं अशी अपेक्षा या लोकांना फारशी नव्हती, आणि सरकारकडे करण्याजोगं फारसं नव्हतंही.

घरं लाकडाची आणि मातीच्या विटांची, खाली गोदाम आणि वर बिऱ्हाड. गोदामात कापड, तेल, दारू. समुद्रावरून वारा सुटला की एका घराची ठिणगी चौथ्या घरावर पडायची.

१५ डिसेंबर १८५० रोजी काये देल काबो या व्यापारी रस्त्यावर आग लागली. आज त्या रस्त्याला एस्मेराल्दा म्हणतात. दुकानांची आणि घरांची ओळ जळून गेली. विझवायला नागरिक धावले, शिपाई धावले, बंदरात नांगरलेल्या परदेशी जहाजांवरचे खलाशीही उतरले. माणसं होती, पण हाताशी साधनं नव्हती आणि एकाचा हुकूम नव्हता. नुकसान मुख्यतः व्यापाऱ्यांचं झालं होतं, त्यामुळे पुढची हालचालही त्यांनीच केली, आणि हे नोंदवून ठेवायला हवं. या दलाचा जन्म भूतदयेपेक्षा गोदामातल्या मालाच्या काळजीतून अधिक झाला. त्यात लाज वाटण्याजोगं काही नाही. ज्याचं जळतं तो आधी शिकतो.

३० जून १८५१ रोजी वालपाराइसोचं स्वयंसेवी दल स्थापन झालं. चिलीतलं हे पहिलं. ३० जून हा दिवस तिथे आजही राष्ट्रीय बोम्बेरो दिन म्हणून पाळला जातो. दल एक असलं तरी त्याच्या पोटात तुकड्या अनेक, आणि प्रत्येक तुकडी जवळजवळ स्वतंत्र. पहिली तुकडी उत्तर अमेरिकी लोकांच्या पुढाकाराची, म्हणून 'बोम्बा आमेरिकाना'. दुसरी जर्मनांची, 'खेर्मानिया'. तिसरीला कुसिन्यो आणि अगुस्तीन एडवर्ड्स या बड्या धनिकांची नावं लागली. १८५६ मध्ये फ्रेंचांनी पाचवी तुकडी काढली, 'पोंप फ्रान्स'. १८५८ मध्ये इटालियनांची सहावी, 'क्रिस्तोफोरो कोलोंबो'. ब्रिटिशांना आपली तुकडी उभी करायला १९०१ साल उजाडलं. तिचं नाव 'जॉर्ज गार्लंड'.

कामाची वाटणीही ठरलेली. काही तुकड्या पंप आणि पाण्याच्या. एकीकडे कुऱ्हाडी, आकडे आणि शिड्या, म्हणजे पेटत्या घराशेजारचं घर पाडून आगीची वाट तोडणं. आणि एक तुकडी निव्वळ मालमत्तेच्या राखणीची. हे आज ऐकायला विचित्र वाटतं. पण आग लागली की लोक वरच्या मजल्यावरून पेट्या, आरसे, कापडाचे गठ्ठे रस्त्यावर फेकत, आणि त्या ढिगाऱ्यावर चोरांची झुंबड उडे. एकीकडे विझवणारे आणि दुसरीकडे ढिगाभोवती कडं करून उभे राहिलेले पहारेकरी, दोघंही स्वयंसेवक.

मराठी वाचकाला ही रचना कळायला आपलं सार्वजनिक गणेशोत्सव मंडळ डोळ्यांसमोर आणावं. वर्गणी, पावतीपुस्तक, निवडून आलेला अध्यक्ष, वर्षानुवर्षं तेच नाव सांभाळणारी घराणी, शेजारच्या मंडळाशी चुरस, मिरवणुकीत कोण पुढे यावरून कुरबूर. वालपाराइसोच्या तुकड्यांत हे सगळं होतं. कुणाचा पंप आधी पोहोचतो, कुणाची धार उंच जाते, कुणाच्या गणवेशाची बटणं अधिक चकचकीत. जर्मनांच्या तुकडीत हुकूम जर्मन भाषेत सुटायचे. उत्तरेकडच्या इकीके बंदरात क्रोएशियन लोकांनी काढलेल्या तुकडीचं नाव आधी ऑस्ट्रो-हंगेरियन होतं, कारण त्यांचं गाव त्या साम्राज्यात मोडत होतं. नंतर ते 'दाल्मासिया' झालं. युरोपात नकाशा बदलला तसा पॅसिफिककाठच्या बंबावरचा रंग बदलला.

परक्या मुलुखात आपण उपरे नाही हे दाखवायचा याहून चांगला मार्ग कोणता? शेजाऱ्याच्या घराला लागलेली आग विझवणाऱ्या माणसाला कुणी परदेशी म्हणत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या पिढीत भाषा विरत गेली, घरी स्पॅनिश बोललं जाऊ लागलं, पण तुकडीचं नाव आणि झेंडा राहिला. आज 'पोंप फ्रान्स'मध्ये असायला फ्रेंच आजोबा लागत नाहीत.

ही कल्पना चिलीची नव्हती. बेंजामिन फ्रँकलिनने १७३६ साली फिलाडेल्फियात 'युनियन फायर कंपनी' काढली, तेव्हा सभासदाने चामड्याच्या बादल्या आणि सामान भरायच्या पिशव्या घरी तयार ठेवायच्या, असा नियम होता. वालपाराइसोची पहिली तुकडी अमेरिकनांची असावी, यात नवल नाही. पण इतर मोठ्या शहरांनी ही वाट पुढे सोडली. पॅरिसमध्ये ऑस्ट्रियाच्या वकिलातीतल्या नृत्यसमारंभात १८१० साली आग लागली आणि पुढच्याच वर्षी नेपोलियनने शहराचं अग्निशमन लष्कराकडे दिलं. आजही तिथले जवान सैनिकच आहेत. न्यूयॉर्कने १८६५ मध्ये स्वयंसेवकांना निरोप देऊन पगारी दल आणलं. लंडनमध्ये आधी विमा कंपन्यांची दलं होती, १८६६ मध्ये ती सार्वजनिक झाली. चिलीत मात्र त्याच दशकात उलटं घडलं. स्वयंसेवी दल बंदरातून राजधानीत गेलं, आणि त्याला कारण झाली एक संध्याकाळ.

८ डिसेंबर १८६३. सांतियागोतल्या 'ला कोम्पान्यिया' चर्चमध्ये मेरीमातेच्या महिन्याची सांगता होती. चर्च फुलांनी, पडद्यांनी, शेकडो दिव्यांनी सजवलेलं. गर्दी मुख्यतः बायकांची, घरातल्या मुलींची, मोलकरणींची. वेदीजवळच्या एका दिव्याने सजावटीला आग लागली, ज्वाळा लाकडी छतापर्यंत गेल्या. त्या काळच्या फॅशनप्रमाणे बायकांच्या अंगात तारांच्या वळ्यांनी फुगवलेले मोठे घागरे होते. दारांशी पहिल्या बायका पडल्या, त्यांच्यावर मागच्या अडकल्या, आणि दाराच्या तोंडाशी माणसांचा बांध तयार झाला. बाहेरून हात धरून ओढणाऱ्यांना एकेक माणूसही सोडवता येईना. दोन हजारांहून अधिक लोक मेले. शहराची लोकसंख्या तेव्हा लाखाच्या आसपास होती. म्हणजे ज्याच्या ओळखीतलं कुणी गेलं नाही, असं घर सापडणं कठीण. ओळख पटण्याजोगे मृतदेह थोडे. बाकीच्यांना एकाच खड्ड्यात मूठमाती मिळाली.

तीन दिवसांनी वर्तमानपत्रात एक छोटी जाहिरात आली. होसे लुईस क्लारो नावाच्या तरुणाने दिलेली. बोम्बेरोंची तुकडी काढायची कल्पना ज्यांना प्रत्यक्षात आणायची आहे, अशा तरुणांनी १४ तारखेला दुपारी १ वाजता फिलार्मोनिकाच्या सभागृहात यावं, एवढाच मजकूर. शोक नाही, आवाहनाची लांबलचक भाषा नाही. लोक आले. २० डिसेंबरला सांतियागोचं दल स्थापन झालं. चर्च पेटल्यापासून बारा दिवस. सरकारी समिती नेमली असती तर बारा दिवसांत तिची पहिली बैठकही झाली नसती, असं म्हणायचा मोह होतो. पण त्यातला दुसरा अर्थही विसरू नये. राजधानीत तोवर असं दल नव्हतंच, आणि ते काढायला दोन हजार माणसं मरावी लागली.

जाता जाता त्या चर्चच्या घंटांची गोष्ट. आगीतून वाचलेल्या घंटा भंगार म्हणून विकल्या गेल्या आणि समुद्रापार वेल्समध्ये पोहोचल्या. तिथल्या ऑइस्टरमाउथ गावच्या चर्चमध्ये त्या वर्षानुवर्षं वाजत होत्या. चिलीच्या स्वातंत्र्याची दोनशे वर्षं भरली त्या २०१० सालच्या सुमारास वेल्सच्या लोकांनी त्या परत दिल्या. चर्चच्या जागी आता बाग आहे, जुन्या संसद भवनाला लागून, आणि तिथे त्या घंटा आहेत.

सांतियागोच्या दलाचा पहिला हुतात्मा इटालियन निघाला. हेर्मान तेंदेरिनी हा कारारा इथला, म्हणजे संगमरवराच्या गावचा शिल्पकार. ८ डिसेंबर १८७० रोजी, चर्चच्या आगीला बरोबर सात वर्षं होत असताना, सांतियागोचं म्युनिसिपल थिएटर पेटलं. सहाव्या तुकडीचा तेंदेरिनी आत गेला तो परतला नाही. थिएटर पुन्हा उभं राहिलं, त्याच्या शेजारच्या रस्त्याला त्याचं नाव आहे. परदेशी कारागिराला चिलीने आपल्या राजधानीत रस्ता दिला, तो त्याच्या शिल्पांसाठी नाही.

मधल्या काळात वालपाराइसोने एक वेगळीच आग पाहिली. स्पेनशी युद्ध चालू होतं. ३१ मार्च १८६६ रोजी अॅडमिरल मेंदेस नुन्येसच्या आरमाराने बंदरावर तोफा डागल्या. बंदराला संरक्षण जवळपास नव्हतंच. जकातीची गोदामं पेटली. शहर टेकड्यांवर पळालं आणि बोम्बेरो खाली उतरले. चाळीस वर्षांनी, १६ ऑगस्ट १९०६ च्या भूकंपात, तीन हजारांच्या आसपास माणसं गेली आणि मोडलेल्या घरांच्या चुलींतून जागोजागी आगी उठल्या. त्या प्रत्येक पिढीने आपल्या तुकडीच्या भिंतीवर काही नावं वाढवली.

या तुकड्यांच्या केंद्रांत एक वेगळंच जग आहे. कॅप्टन, डायरेक्टर, खजिनदार हे सभासदांनी निवडून दिलेले. शहराचा कमांडंट आणि सुपरिंटेंडेंटही तसेच, निवडणुकीतून आलेले. कामगिरीची बक्षिसं हजेरीवर. दर पाच वर्षांनी किती आगींना गेलास, किती कवायतींना आलास, किती बैठकांना बसलास, याचा हिशोब होतो आणि पदक मिळतं. शौर्यापेक्षा सातत्याला मान, हे मला त्यांचं सर्वांत शहाणपणाचं कलम वाटतं. एका रात्री धाडस कुणीही करील. तीस वर्षं कवायतीला येणारे थोडे.

रात्रीची पाळी बहुतेक ठिकाणी विद्यार्थी करतात. बाहेरगावाहून शिकायला आलेल्या पोराला केंद्राच्या वरच्या मजल्यावर झोपायला खाट मिळते, त्याबदल्यात रात्री घंटा झाली की उठायचं. खोलीभाड्याची ही सोय चिलीतल्या कितीतरी डॉक्टर-इंजिनियरांच्या शिक्षणाला उपयोगी पडली आहे. दल फार काळ पुरुषांचंच राहिलं. परंपरा जितकी जुनी, तितकी तिची दारं जड. काही तुकड्यांनी बायकांना घ्यायला विसाव्या शतकाची अखेर येऊ दिली, याचं समर्थन कुठल्याही पदकाने होत नाही. आज केंद्रांत मुली आहेत, अधिकारीही आहेत.

कुणी कामगिरीवर मेला तर त्याची अंत्ययात्रा रात्री निघते, मशालींच्या उजेडात, शहरातल्या सगळ्या तुकड्या रांगेने चालतात. काही तुकड्यांत हजेरी घेताना हुतात्म्यांची नावं अजून पुकारली जातात.

१ जानेवारी १९५३ च्या पहाटे वालपाराइसोत एका वेळी ३६ बोम्बेरो गेले. नव्या वर्षाचं स्वागत करून लोक घरी परतत होते, तेव्हा लाकडाच्या वखारीला आग लागली. माणसं समारंभाच्या कपड्यांतूनच केंद्रावर धावली. वखारीशेजारी रस्तेबांधणी खात्याचं गोदाम होतं आणि त्यात सुरुंगाची दारू साठवलेली होती. विझवणाऱ्यांना त्याची कल्पना नव्हती. आगीची झळ तिथवर पोहोचली आणि स्फोट झाला. मेलेल्यांची एकूण संख्या पन्नासच्या आसपास, जखमी शेकडो. वेगवेगळ्या भाषांच्या आजोबांनी काढलेल्या तुकड्यांतली पोरं एकाच धमाक्यात गेली.

मुंबईकराला हे वाचताना १४ एप्रिल १९४४ आठवल्याशिवाय राहणार नाही. व्हिक्टोरिया डॉकमध्ये 'फोर्ट स्टिकिन' जहाजाला आग लागली. त्यात कापूस होता आणि दारूगोळाही. मुंबई फायर ब्रिगेडचे ६६ जवान आग विझवता विझवता स्फोटात गेले. १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात तो त्यांच्या स्मरणार्थ. दोन बंदरं, दोन्हीकडे आगीशेजारी दारू, दोन्हीकडे विझवणारे सर्वांत पुढे. मुंबईचे जवान पगारी होते, वालपाराइसोचे नव्हते. आगीने त्यात फरक केला नाही. फरक नंतर पडतो: मागे राहिलेल्या घराला पेन्शन कोण देणार, पोराची फी कोण भरणार, हे प्रश्न येतात तेव्हा.

आजच्या वालपाराइसोची आग बंदरातून टेकड्यांवर गेली आहे. जुन्या शहराला युनेस्कोने २००३ मध्ये जागतिक वारसा म्हटलं. पर्यटक खालच्या रंगीत घरांचे आणि १८८३ पासून टेकड्या चढणाऱ्या त्या गमतीदार लिफ्टांचे फोटो काढतात. वारसा-क्षेत्राच्या वर, जिथे फोटो काढायला कुणी जात नाही, तिथे गरिबांनी घळींच्या कडेकडेने पत्र्याची आणि लाकडाची घरं बांधली आहेत. घळींत कचरा साठतो. डोक्यावर निलगिरी आणि पाइनची लागवड, दोन्ही तेलकट झाडं. रस्ते असे की बंब वळत नाही. पाण्याचे हायड्रंट थोडे, असलेच तर दाब नाही.

१२ एप्रिल २०१४ च्या दुपारी शहराच्या माथ्यावरच्या रानात आग लागली आणि वाऱ्याबरोबर ती घळींतून खाली आली. सुमारे २,९०० घरं जळाली, १५ माणसं मेली, १२ हजारांहून अधिक लोक उघड्यावर आले. बंबाची नळी जिथे संपत होती तिथून पुढे तरुणांनी रांगा करून बादल्या चढवल्या. फ्रँकलिनच्या चामड्याच्या बादल्यांपासून पावणेतीनशे वर्षांनी. इथे शौर्याची गोष्ट सांगून थांबणं मला अप्रामाणिक वाटतं. टेकडीवर पाण्याची टाकी आणि रुंद रस्ता करणं हे स्वयंसेवकाचं काम नाही. त्याच्या त्यागाच्या कौतुकात ते काम राहून गेलं.

फेब्रुवारी २०२४ मध्ये याहून भयंकर घडलं. वालपाराइसोला लागून असलेल्या विन्या देल मार, किल्पुए आणि व्हिया आलेमाना या भागांत वणवा घुसला. १३० हून अधिक बळी गेले. चिलीने भूकंपांत आणि वणव्यांत पाहिलेल्या दुःखात हे एक मोठं पान. मे महिन्यात आग लावल्याच्या संशयावरून अटका झाल्या. त्यांत वालपाराइसोच्याच एका तुकडीतला तरुण स्वयंसेवक होता. पावणेदोनशे वर्षं ज्या गणवेशाकडे लोक निःशंक विश्वासाने पाहत आले, त्या गणवेशातला माणूस. दोषी कोण, हे ठरवणं न्यायालयाचं काम. पण भरती करताना काय तपासायचं, एकविशीतल्या पोराच्या मनात आगीचं आकर्षण आहे की सेवेचं हे कसं ओळखायचं, हा प्रश्न जगातल्या प्रत्येक स्वयंसेवी दलापुढे आहे, आणि 'आमच्यात असं होत नाही' हे उत्तर चिलीत आता कुणी देऊ शकत नाही.

मग पगार का नाही देत? बाहेरचा माणूस पहिला हाच प्रश्न विचारतो. बोम्बेरोंचा बहुतांशी नकार असतो. पगार आला की खात्याचा मंत्री येणार, बदल्या येणार, निवडणुकीच्या राजकारणातले लोक येणार. आज आम्हाला कुणी हुकूम देऊ शकत नाही, हीच आमची ताकद. या युक्तिवादात तथ्य आहे. कायद्याने ही दलं खासगी संस्था आहेत, पण करतात सार्वजनिक सेवा; २०१२ च्या कायद्याने त्यांचं हे दुहेरी रूप मान्य केलं. सरकार अंदाजपत्रकातून पैसा देतं, नगरपालिका थोडा देतात, उरलेल्यासाठी सोडती, चौकाचौकांत डबे, वर्गणी. जखमी बोम्बेरोच्या उपचाराचा भार १९७७ सालच्या कायद्याने विमा कंपन्यांवर टाकला आहे, आणि तो योग्यच, कारण विझलेल्या प्रत्येक आगीत त्यांचा पैसा वाचतो. २०१६ मध्ये कामगार कायदा दुरुस्त झाला: हाक आली तर बोम्बेरो काम सोडून जाऊ शकतो आणि तो वेळ कामाचाच धरायचा. मालकाची परवानगी ही अडचण इतकी साधी, तरी ती सुटायला दीडशेहून अधिक वर्षं गेली.

माझं मत असं: माणसाला पगार नको असेल तर नको. पण त्याचं हेल्मेट, त्याचा श्वासोच्छ्वासाचा सिलिंडर, बंबाचं डिझेल आणि त्याच्या मागे राहणाऱ्यांची सोय, यासाठी त्याने चौकात डबा घेऊन उभं राहणं ही परंपरा नाही, ती सरकारची सुटका आहे.

महाराष्ट्रात स्वयंसेवक नाहीत, असं नाही. जुलै २०२३ मध्ये इर्शाळवाडीवर दरड कोसळली तेव्हा चिखलातून वर चढून पहिल्या काही तासांत पोहोचलेल्यांत आसपासच्या गिर्यारोहण संघटनांची पोरं होती. लोणावळ्याची 'शिवदुर्ग मित्र' वर्षानुवर्षं घाटात, धबधब्यांत अडकलेल्यांना काढते, तीही पगाराशिवाय. मुंबई प्रांतात होमगार्ड १९४६ साली सुरू झालं तेव्हाही कल्पना हीच होती. आगीचा कायदाही आपल्याकडे २००६ पासून आहे, पण त्याचा रोख मुख्यतः इमारतींवर. गावाचं काय? उसाच्या फडाला, कडब्याच्या गंजीला, गोठ्याला आग लागली की तालुक्याच्या नगरपरिषदेचा बंब निघतो. तो तीस-चाळीस किलोमीटर येईपर्यंत विझवायला काही उरत नाही, मग पंचनामा होतो. वालपाराइसोच्या व्यापाऱ्यांना १८५१ साली जे कळलं ते एवढंच की बंब लांब असून उपयोग नाही, तो आपल्या गल्लीत हवा आणि चालवणारी माणसंही त्याच गल्लीतली हवीत. तरुण मंडळ आहे, वर्गणीची सवय आहे, ट्रॅक्टरला जोडायचा टँकर बऱ्याच गावांत आहे. प्रशिक्षण, नळ्या, विमा आणि अधिकृत मान्यता नाही.

दिवाळी आली की अंगणात फटाके आणि शेतात वाळलेला कडबा, दोन्ही असतं. तेव्हा येत्या ग्रामसभेत तीन प्रश्न विचारा. आपल्याला सर्वांत जवळचा बंब कुठे उभा असतो? तो इथे यायला किती मिनिटं लागतात? आणि तो येईपर्यंत कोणत्या विहिरीवरची मोटर, कुणाकडच्या किल्लीने सुरू होईल? उत्तरं लेखी मागा.